अत्तींचा डावा हात

आमच्या अत्ती पडल्या त्या एका शेळीमुळे, आणि ती शेळीसुद्धा आमची नव्हती.

सासूला आमच्यात अत्ती म्हणतात. आमच्या अत्तींचं नाव चंद्रव्वा. माहेर अक्कलकोटच्या पलीकडचं, त्यामुळे राग चढला की त्यांची मराठी संपायची आणि कानडी सुरू व्हायची. त्या काळी आम्ही सोलापुरात बाळीवेशीत राहत होतो. पुढे घोंगड्यांचं दुकान, मागे दोन खोल्या आणि अंगण. संक्रांत जवळ आली होती म्हणून मी कडक भाकऱ्या करून अंगणात बाजेवर वाळत घातल्या होत्या. शेजारची शेळी आत घुसली आणि तिनं भाकरीला तोंड लावलं. अत्तींनी मला हाक मारावी की नाही? नाही. स्वतःच काठी उगारून धावल्या, पायरीवरून घसरल्या आणि डाव्या खांद्यावर आल्या. पायरी केवढी, तर वीतभर. तीन वर्षांचं पोर तिथून दिवसभर उड्या मारतं.

मी धावत गेले तर त्या उठून बसल्या होत्या आणि शेळीला कानडीत शिव्या देत होत्या. मला वाटलं, शिव्या देतात म्हणजे बऱ्या आहेत. पण डावा हात त्यांनी उजव्या हातानं पोटाशी धरून ठेवला होता आणि ओठ पांढरे पडले होते.

"अत्ती, दुकतंय का?"

"न्हाय, गुदगुल्या व्हायल्यात," त्या म्हणाल्या.

नेमका त्याच संध्याकाळी सांगोल्याकडचा तात्याबा धनगर घोंगड्या घेऊन दुकानात आला होता. मेंढरांची हाडं बसवता बसवता तो माणसांचीही बसवायला लागला होता आणि त्याच्या हाताला यश होतं. यांनी त्याला आत बोलावलं. हे म्हणजे आमचे मालक, वीरभद्रप्पा. दुकानातला मोठ्यात मोठा सौदा एका शब्दात उरकतील, पण घरात काही झालं की खांबाला टेकून उभे राहायचे.

तात्याबानं अत्तींच्या खांद्यावरून पातळावरूनच बोटं फिरवली. दंडाच्या वरच्या टोकाशी बोट टेकताच अत्तींनी त्याच्या मनगटावर चापट मारली. त्यानं हात हळूच इकडे-तिकडे हलवून कान देऊन पाहिलं. मोडलेली हाडं एकमेकांवर घासली की करकर लागते, ती तो शोधत होता.

"करकर न्हाय," तो म्हणाला. "मोडलं म्हनावं तर हाड हलंना. न्हाय म्हनावं तर आव्वा बोट लावू देत न्हाय. ह्ये माज्यानं व्हायचं न्हाय, मालक. उगं पट्ट्या बांधून वडाताण केली आन् वंगाळ झालं, तर काय करता?"

"बांध की तू," हे म्हणाले. "तुज्या हाताला गुण हाय."

"गुण हाय म्हनूनच बांदत न्हाय," तात्याबा म्हणाला आणि घोंगड्यांचा गठ्ठा सोडायला बाहेर गेला. मला त्या माणसाबद्दल फार आदर वाटला. यांच्याबद्दल त्या क्षणी तितकासा वाटला नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी टांगा आणवला आणि अत्तींना डॉक्टर उपळेकरांकडे नेलं. त्यांनी मुंबईहून एक्स-रेचं यंत्र आणलं होतं. गावात त्याला आतला फोटो म्हणत, आणि तो काढला की मनातलंही दिसतं, असं आमच्या गल्लीतल्या बायका सांगत. अत्तींना ते खरं वाटत होतं. टांग्यात त्या गप्प गप्प होत्या. मनात काय काय होतं देव जाणे, पण निम्मं माझ्याबद्दलच असणार.

डॉक्टर पन्नाशीचे, किडकिडीत, बोलायला मऊ. त्यांनी आधी यंत्राचं नावच काढलं नाही. अत्तींना स्टुलावर बसवलं आणि म्हणाले, "आजी, हा पंजा मी हळूच उचलून तुमच्या उजव्या खांद्यावर ठेवतो. कोपर छातीला टेकतंय का तेवढंच बघायचंय." अत्तींनी दात आवळले, पण कोपर टेकलं. "सांधा निखळलेला नाही," डॉक्टर म्हणाले. "निखळला असता तर कोपर टेकलंच नसतं."

मग त्यांनी छातीच्या मधल्या हाडावर नळी ठेवली, दुसरं टोक स्वतःच्या कानात, आणि अत्तींच्या उजव्या कोपरावर बोटानं टकटक केलं. मग डाव्या कोपरावर. पुन्हा उजव्या, पुन्हा डाव्या. अत्ती माझ्याकडे बघून कानडीत पुटपुटल्या, "दार वाजवतोय का काय ह्यो?"

डॉक्टरांना कानडी येत होती. ते हसले. "दारच वाजवतोय, आजी. हाड अखंड असलं की टकटक सरळ छातीपर्यंत ऐकू येते. उजवीकडे स्वच्छ येते. डावीकडे येते, पण दबकी. मोडलंय असं वाटतं. कुठं आणि कसं, ते फोटोत कळेल."

फोटोच्या खोलीला काळे पडदे होते. कंपाउंडरनं दारातूनच सांगितलं, "अंगावर धातूचं काही ठेवू नका. सगळं काढून या बाईंकडे द्या." पाटल्या निघाल्या, बोरमाळ निघाली. राहिली गळ्यातली गुंडगडगी.

गुंडगडगी म्हणजे शिवाचं लिंग ठेवायची चांदीची डबी. आमच्यात मूल जन्मलं की त्याला लिंग बांधतात, आणि ते अंगावरून कधी उतरायचं नसतं. माणूस गेलं की त्याच्याबरोबर तेही मातीत जातं. रोज सकाळी ते डाव्या तळहातावर घ्यायचं आणि उजव्या हातानं पाणी, विभूती, बेल वाहायचं. डाव्याच तळहातावर, पाटावर नाही, ताटात नाही. ही पूजा झाल्याशिवाय तोंडात घास घालायचा नाही. आणि दुसऱ्याच्या लिंगाला कुणी हात लावत नाही, नवरा बायकोच्या नाही की लेक आईच्या नाही. मी लग्न होऊन आले तेव्हापासून अत्ती पूजेला बसल्या की दार ओढून घेत. माझंही माझं वेगळं. एवढ्या वर्षांत मी त्यांचं लिंग पाहिलेलं नव्हतं.

त्यामुळे आता इथं भांडण होणार म्हणून मी पदर खोचला. पण अत्ती म्हणाल्या, "तोंड फिरव तिकडं." मी तोंड फिरवलं. थोड्या वेळानं त्यांनी डबी माझ्या हातात दिली, झाकण लावलेली, दोऱ्यासकट. मी थक्क झाले. मला वाटलं, दुखण्यापुढे बाई नमली. मी डबी पदरात बांधून छातीशी धरून बाहेर बसले. आतून यंत्राची घरघर आली आणि वीज पडल्यावर येतो तसला वास.

फोटो धुऊन वाळायला वेळ लागणार होता. तोपर्यंत हात हलू नये म्हणून कंपाउंडरनं चोळी-पातळावरूनच रुंद पट्टी गुंडाळून अत्तींचा हात अंगाशी पक्का बांधून टाकला, पंजा पोटावर उपडा. घरी आल्यावर मी डबी परत दिली. त्यांनी ती उशीखाली सारली. मला वाटलं, गळ्यात घालायला हात वर होत नसेल.

संध्याकाळी हे आणि मी, दोघं डॉक्टरांकडे गेलो. डॉक्टरांनी ती काळी फिल्म खिडकीच्या उजेडाला धरली. आत पांढरट हाड दिसत होतं. माझ्या सासूचं हाड मी पहिल्यांदाच बघत होते, आणि ते इतकं बारीक असेल असं मला कधी वाटलं नव्हतं. खांद्याच्या गोळ्याखाली, जिथं हाड निमुळतं होतं, तिथं मोडल्याची रेघ होती. आणि तिथंच, हाडाला चिकटून, जांभळाएवढा एक पांढरा गोल डाग होता. कडा पुसट.

"मोडलंय ते एवढं वाईट नाही," डॉक्टर म्हणाले. "हा डाग मला आवडत नाही. वीतभर पायरीवरून पडून हाड मोडलं, तेव्हाच मला शंका आली होती. कधी कधी हाडातच गाठ धरते. ती हाड आतून पोखरते आणि मग साध्या धक्क्यानंही हाड मोडतं."

"औषध?" यांनी विचारलं.

"गाठ असली तर औषध नाही. मिरजेला न्या. तिथले सर्जन बघतील. पण मी खोटं सांगणार नाही. गाठच निघाली तर हात खांद्यापासून काढावा लागेल. नाही काढला तर ती पसरते."

ह्यांचं तोंड उतरलं. मी फिल्मकडे बघतच राहिले. खांद्यापासून म्हणजे कोपर नाही, मनगट नाही, तळहात नाही. मी विचारलं, "डावाच का वो?" किती खुळा प्रश्न! उजवा मोडला असता तर काय डॉक्टरांनी डावा काढला असता? पण ते मला हसले नाहीत. म्हणाले, "खात्रीनं सांगता येत नाही, बाई. म्हणूनच मिरजेला न्या म्हणतो."

घरी येऊन अत्तींना कसं सांगायचं यावर हे अंगणात येरझाऱ्या घालायला लागले. मी म्हटलं, तुम्ही घाला येरझाऱ्या, मी सांगते. अत्ती भिंतीला टेकून बसल्या होत्या. मी जवळ बसले आणि सगळं सांगितलं, लपवलं काही नाही. त्यांना लपवलेलं खपत नसे.

अत्तींनी उजव्या हातानं पट्टीतला डावा पंजा चाचपला. मग म्हणाल्या, "हात काडला, तर लिंग कुटं ठेवू?"

मी त्यांच्या पायांवर घोंगडी ओढली.

"मिरजंला न्हाय जायचं," त्या म्हणाल्या. "हातासकट जाईन मी. वरती गेल्यावर इचारलं, पूजा कशावर करत हुतीस, तर काय दावू? खांदा दावू?"

"आये," दारातून हे म्हणाले, "जीव वाचला पायजे आदी."

"तुला काय कळतंय! बेडा म्हटलं की बेडा." नको म्हणजे नको. पुढचं सगळं कानडीत झालं. शेवटी आवाज फुटला आणि त्यांनी तोंड भिंतीकडे फिरवलं. इतक्या वर्षांत मी त्यांना रडताना पाहिलं नव्हतं. मला त्यांचा राग चालत होता, टोमणे चालत होते, मी त्यांना पुरून उरत होते. हे मला सोसेना. मी स्वयंपाकघरात जाऊन चुलीपुढे मनसोक्त रडून घेतलं आणि डोळे पुसून भाकरी थापायला बसले, कारण जेवायला तर लागतंच.

सकाळी अत्तींनी मला हाक मारली. "नीलव्वा, हितं ये. पट्टी सैल कर. पूजा हुईना."

पूजेच्या वेळी मला आत बोलावण्याची ही पहिलीच वेळ. काल सकाळी अत्तींनी पूजा उरकून घर सोडलं, तेव्हा हात अजून मोकळा होता. आज मात्र पंजा पोटाला उपडा बांधलेला. त्यावर देव कसा बसणार? मी दार ओढून घेतलं आणि जपून पट्टी उलगडली. हात सुटला तशा त्या कण्हल्या. मग म्हणाल्या, "तोंड फिरव."

मी फिरवलं. पण त्यांना एका हातानं जमेना. धडपड ऐकू येत होती, कण्हणं ऐकू येत होतं. मी तोंड न वळवताच म्हटलं, "अत्ती, डबी उशीखाली हाय, देऊ का?"

"डबीत काय हाय! रिकामी हाय ती."

मी गर्रकन वळले. अत्ती उजवा हात चोळीत घालून डाव्या काखेत चाचपत होत्या. तिथून त्यांनी फडक्यात गुंडाळलेलं काहीतरी ओढून काढलं आणि मांडीवर ठेवलं. फडकं सुटलं. आत काळं, गुळगुळीत लिंग होतं.

"ह्ये काखंत कवापासनं?" मी विचारलं.

"त्या फोटोपासनं," त्या म्हणाल्या, जसं काही मी मीठ कुठं ठेवलंय असं विचारलं होतं. "त्यो मेला म्हणाला धातूचं काडा. डबी धातूची, ती काडली. दातानं उगडली झाकणी. देव काय धातूचा हाय व्हय? त्यो ठेवला हितं. पुन्ना डबीत घालायला दोन हात लागत्यात, आन् दुसऱ्या कुनाला हात लावू देऊ?"

मी त्या लिंगाकडे बघत होते. जांभळाएवढं. गोल.

"अत्ती," मी म्हटलं, "फोटो काडताना ह्ये हितंच हुतं? ह्याच जागंला?"

"मग काय रस्त्यावर टाकू?"

मी काय ओरडले ते मला आठवत नाही. हे दुकानातून धावत आले आणि दाराबाहेर थबकले, कारण आत पूजा. मी दार उघडून बाहेर गेले आणि यांचा हातच धरला, भर अंगणात, शेजारचे बघत असताना. "अवो, गाट न्हाय! त्यो डाग म्हंजे गाट न्हाय, लिंग हाय! काखंत हुतं!"

ह्यांना समजायला वेळ लागला. समजल्यावर लगेच शंका काढली. "डॉक्टर काय म्हनतील? एवडा शिकलेला मानूस. त्याला सांगायचं, तुमी बगितलं ती गाट न्हाय, आमचा देव हुता म्हनून?"

"व्हय, तसंच सांगायचं! तुमाला लाज वाटत असंल तर दुकानात बसा. टांगा मी आनते."

टांगा यांनीच आणला, तेवढं म्हणायला हवं. अत्ती मात्र हलेनात. पूजा राहिलेली, पोटात कालपासून काही नाही, आणि सून वेड्यासारखी करतेय. मी त्यांना समजावलं, तर त्यांनी वेगळाच अर्थ घेतला. "म्हंजे माज्या देवानं माजा हात खाल्ला म्हनतीस?"

"न्हाय वो! देव हाडाच्या म्होरं आला, म्हनून डॉक्टरला हाड खाल्ल्यावानी दिसलं. हाड कुनी खाल्लं न्हाय. एवडंच बगून यायचं."

"आन् त्यो पुन्ना काडायला लावंल."

लावणारच होता. मी म्हटलं, "आदी चला तर." त्यांनी लिंग उजव्या मुठीत घट्ट धरलं आणि उठल्या. सगळा रस्ता टांग्यात मी मनातल्या मनात सिद्धरामेश्वराला विनवत होते, आणि मधूनच भीती वाटायची की डाग खराच असला तर? लिंग काखेत होतं म्हणून गाठ नाही असं कुणी सांगितलंय? दोन्ही असू शकतं. टांगेवाल्याला मी इतक्या वेळा घाई केली की तो शेवटी म्हणाला, बाई, तुम्हीच धरा लगाम.

डॉक्टरांना मीच सांगितलं. हे माझ्यामागे उभे होते. मला वाटलं डॉक्टर रागावतील, नाहीतर हसतील. त्यांनी दोन्हींतलं काहीच केलं नाही. ते फिल्म घेऊन खिडकीशी गेले, बराच वेळ बघत राहिले, मग अत्तींना म्हणाले, "आजी, केवढं आहे ते? दाखवू नका, बोटानं सांगा."

अत्तींनी मुठीकडे हनुवटी केली. "जांबळायेवडं."

डॉक्टरांनी दोन बोटांत तेवढं अंतर धरून डागावर ठेवलं. बरोबर बसलं. पण ते म्हणाले, "एवढ्यानं सुटलो असं मी म्हणणार नाही. पुन्हा फोटो काढू. या वेळी दोन काढू, एक समोरून आणि एक बाजूनं. गाठ हाडातच असली तर दोन्ही फोटोंत हाडातच दिसेल."

"मी ह्ये काडनार न्हाय," अत्ती म्हणाल्या. "अंगावरनं लिंग उतरलं तर मानूस काय आन् मडं काय!"

"काढू कशाला?" डॉक्टर म्हणाले. "आत्ता कुठं आहे?"

"मुटीत."

"मग मुठीतच राहू दे. उजवी मूठ लांब मांडीवर ठेवा. मला खांदा हवाय फक्त."

अत्ती त्यांच्याकडे बघत राहिल्या. मीही. एवढंच होतं तर! कालच कुणी विचारलं असतं, कुणी सांगितलं असतं, तर रात्रभर कुणाला रडावं लागलं नसतं. डॉक्टरांच्याही ते मनात आलं असावं. "काल मीच नीट विचारायला हवं होतं," ते म्हणाले. "आमचा माणूस धातू म्हणाला, आणि तुम्ही धातू दिलात. चूक कुणाचीच नाही."

घरघर झाली, पुन्हा झाली. तो वास आला. फिल्म धुऊन बाहेर येईपर्यंत मी बाकावर बसले, उठले, बसले. हे भिंतीला टेकून उभे होते. खांब नव्हता तिथं. अत्ती डोळे मिटून ओठांनी जप करत होत्या.

डॉक्टर ओल्या फिल्म हातात घेऊनच आले. पाणी ठिबकत होतं. त्यांनी दोन्ही फिल्म उजेडाला धरल्या आणि स्टुलावर बसले. माझा जीव गेला. मग ते हसायला लागले, मोठ्यानं नाही, खांदे हलवून, आणि चष्मा काढून डोळे पुसले. तेव्हा मला कळलं की हा माणूसही काल रात्री झोपलेला नाही.

"काही नाही," ते म्हणाले. "डागबिग काही नाही. स्वच्छ हाड आहे. मोडलंय, पण स्वच्छ आहे."

मी तिथंच फरशीवर बसले. हे म्हणाले, "आये," आणि भिंत सोडून पुढे आले.

"मग करकर का आली न्हाय?" अत्तींनी विचारलं. त्या एकट्याच शुद्धीवर होत्या. "तात्याबा म्हनला करकर न्हाय."

डॉक्टरांनी फिल्म त्यांच्यासमोर धरली. "तुमचा तात्याबा शहाणा आहे. करकर येणारच नव्हती. हे बघा, लहान पोराचं हाड असतं ना, ते ताज्या भाकरीसारखं. वाकतं, एका अंगानं चिरतं, पण तुटत नाही. म्हाताऱ्या माणसाचं हाड कडक भाकरीसारखं, थोड्या धक्क्यानं कडकन मोडतं. त्यासाठी गाठच हवी असं नाही, वय पुरतं. आणि काहींचं हाड मोडून कातडीबाहेर येतं, ते सगळ्यात वाईट. तुमचं मोडलं, पण खालचा तुकडा वरच्यात जाऊन रुतून बसला, उखळात मुसळ अडकावं तसा. म्हणून हलत नाही, म्हणून घासत नाही. या वयात मोडायचंच असेल तर असं मोडावं. ओढायचं नाही, पट्ट्या नाहीत, प्लास्टर नाही. आपोआप जुळेल. काही आठवडे झोळीत ठेवायचा आणि मग हळूहळू हलवायचा."

"आन् मिरज?"

"मिरजेला देवाला जायचं असेल तर जा."

त्यांनी एक मोठं तिकोनी फडकं घेतलं आणि हात झोळीत घालायला लागले. कोपर वाकलं, मनगट छातीशी आलं. अत्ती कण्हल्या नाहीत. त्या एकटक पंजाकडे बघत होत्या.

"डाक्टर," त्या म्हणाल्या, "पंजा उपडाच ठिवाया लागतोय, का उताना केला तर चालंल?"

डॉक्टर थांबले. त्यांना कारण माहीत नव्हतं, पण कानडी मुलखात राहिलेला माणूस, त्यांना अंदाज आला असेल. "उताणा चालेल," ते म्हणाले. "छातीशी उताणा तर फारच चांगला. अगदी असाच." आणि त्यांनी तो पंजा हळूच वळवून अत्तींच्या छातीसमोर उताणा ठेवला, आम्ही पूजेला धरतो अगदी तिथंच. मग ते यांना घेऊन बाहेर गेले आणि कंपाउंडरलाही बोलावून नेलं. जाताना दार ओढून घेतलं.

मी पाण्याचं भांडं आणलं आणि निघाले. अत्ती म्हणाल्या, "कुटं चाललीस?"

"तुमची पूजा."

"थांब हितंच."

मी उभी राहिले. त्यांनी उजवी मूठ उघडली आणि लिंग डाव्या तळहातावर ठेवलं. कमरेच्या बटव्यातली विभूती काढली. पण डावा पंजा स्थिर राहीना. दोन दिवसांची सूज, पोटात अन्न नाही, आणि भीती गेल्यावर अंगातून जे जातं ते सगळं गेलेलं. पाणी घातलं तसं ते बोटांवरून मांडीवर सांडलं. लिंग कलंडायला लागलं. माझा हात आपोआप पुढे गेला आणि मध्येच अडला. शिवायचं नाही. एवढं माझ्या अंगात मुरलेलं होतं.

अत्तींनी माझ्याकडे बघितलं. डोळे लाल होते.

"धर की," त्या म्हणाल्या. "देवाला नगं लावू. खालनं हात धर. हात माजा हाय."

मी त्यांच्या समोर गुडघ्यावर बसले आणि त्या उताण्या पंजाखाली माझे दोन्ही पंजे धरले. तो गरम होता, ओला होता, सुजलेला होता. अत्तींनी पुन्हा पाणी घातलं. या वेळी काही हललं नाही.